पशुवर्तनाची मोबाइलवरील नोंद

पशुवर्तनाची मोबाइलवरील नोंद म्हणजे गोठ्यात, कुरणात किंवा चराऊ रानात असलेल्या पाळीव जनावरांच्या हालचाली, सवयी आणि परस्परव्यवहार प्रत्यक्ष पाहत असतानाच स्मार्टफोन, टॅबलेट किंवा तत्सम हातातील उपकरणावर ठरावीक पद्धतीने टिपून ठेवणे होय. जनावर किती वेळ चरते, किती वेळ रवंथ करते, केव्हा बसते, कोणाला ढुशी देते, कोणापासून दूर राहते, माजावर येताना त्याच्या वागण्यात काय बदल होतो, लंगडते का, धापा टाकते का, असे प्रश्न या नोंदींतून सोडवले जातात. पशुवैद्यक, पशुकल्याण, दुग्धव्यवसाय आणि प्राणिवर्तनशास्त्र या चारही क्षेत्रांत अशा नोंदींचा उपयोग होतो.

दोन वेगळ्या गोष्टींशी तिची गल्लत होऊ नये. पशुगणना किंवा कानातील बिल्ल्यावर आधारित नोंदणी ही जनावरांची मोजदाद आणि ओळख असते. तीत वर्तन नसते. भारतातील विसाव्या पशुगणनेत (२०१९) क्षेत्रीय माहिती प्रथमच टॅबलेटवर गोळा करण्यात आली, तरी ती वर्तननोंद नव्हे. तसेच जनावराच्या पायाला किंवा मानेला बांधलेल्या संवेदकाने आपोआप होणारे मापनही निराळे. तेथे पाहणारा माणूस नसतो. या लेखात मुख्यतः माणसाने डोळ्यांनी पाहून बोटाने केलेल्या नोंदीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

प्राण्यांच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा राहिला. कॉनराड लोरेन्झ, निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाने त्यावर मान्यतेची मोहोर उमटली. तथापि हे शास्त्रज्ञ प्रामुख्याने पक्षी, मासे आणि मधमाश्या यांचे अभ्यासक होते. गोठ्यातील जनावराकडे याच दृष्टीने पाहण्याची निकड निर्माण झाली ती ब्रिटनमध्ये. रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशिन्स’ (१९६४) या पुस्तकाने कारखानदारी पद्धतीच्या पशुपालनावर प्रखर टीका केली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये आपला अहवाल सादर केला. जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत, ही त्या अहवालातील अपेक्षा वरवर साधी वाटते; पण ती पूर्ण होते की नाही हे ठरवायचे तर जनावर दिवसभरात खरोखर काय करते हे मोजावेच लागते.

मोजायचे कसे, या प्रश्नाचे सर्वांत प्रभावी उत्तर जीन आल्टमन यांनी १९७४ साली ‘बिहेविअर’ या नियतकालिकातील लेखात दिले. केनियातील अंबोसेली येथे बबून माकडांचा अभ्यास केलेल्या आल्टमन यांनी निरीक्षणाच्या रूढ पद्धतींचे गुणदोष तपासले आणि कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत लागू पडते हे स्पष्ट केले. आज मोबाइलवर चालणाऱ्या बहुतेक वर्तननोंद प्रणालींचा पाया त्याच लेखात आहे. उपकरण नवे असले तरी विचार कागद-पेन्सिलीच्या काळातला आहे, ही बाब विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

त्या काळी नोंदीसाठी आखीव तक्ते, थांबघड्याळ आणि ध्वनिफीत यंत्र वापरीत. तक्ता भरताना मान खाली जाते आणि नेमक्या त्या क्षणी जनावर काहीतरी करून मोकळे होते, ही निरीक्षकांची जुनी तक्रार होती. संध्याकाळी तक्त्यांवरील खुणा मोजून त्यांची बेरीज करण्यात निरीक्षणाइतकाच वेळ जाई. १९८० च्या दशकात सायन कंपनीचे छोटे हातसंगणक आले. नेदरलँडमधील वागेनिंगेन येथील नोल्डस या कंपनीने ‘ऑब्झर्व्हर’ नावाची संगणकप्रणाली विकसित केली व पुढे तिची हातसंगणकावर चालणारी आवृत्तीही काढली. १९९६ मध्ये पाम पायलट बाजारात आला. स्मार्टफोनचा प्रसार मात्र २००७ नंतरचा; त्याने एकाच उपकरणात घड्याळ, कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि स्थाननिर्देशक एकत्र आणले.

या इतिहासातील एक प्रकरण पशुपालनाबाहेरचे असूनही येथे सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील लुई लीबेनबर्ग यांनी १९९० च्या दशकात ‘सायबरट्रॅकर’ ही प्रणाली तयार केली. कारू राष्ट्रीय उद्यानातील माग काढणाऱ्यांना प्राण्यांचे अफाट ज्ञान होते, पण लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून पडद्यावर शब्दांऐवजी चित्रे ठेवण्यात आली. चित्रावर स्पर्श केला की प्राणी, कृती आणि स्थळ नोंदले जाई. कारेल बेनाडी आणि जेम्स मिन्ये या मागकाढ्यांनी काळ्या गेंड्याच्या आहाराच्या नोंदी याच उपकरणावर केल्या आणि १९९९ साली ‘पॅकिडर्म’ या नियतकालिकातील लेखावर त्यांची नावे सहलेखक म्हणून आली. निरक्षर माणूस शास्त्रीय निरीक्षक होऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. गुराखी व मेंढपाळ यांच्यासाठी आज चित्रांकित नोंदप्रणाली करू पाहणाऱ्याला यापेक्षा चांगला वस्तुपाठ मिळणार नाही.

वर्तनसूची

नोंद सुरू करण्यापूर्वी कोणत्या कृती टिपायच्या आणि प्रत्येक कृतीची व्याख्या काय, हे ठरवावे लागते. अशा यादीला वर्तनसूची म्हणतात. मोबाइलवरील प्रत्येक बटण हे या सूचीतील एका नोंदीचे प्रतिनिधी असते; म्हणून सूची सदोष असेल तर बटणे कितीही सुबक असली तरी हाती येणारी माहिती सदोषच राहते.

सूचीतील कृतींचे दोन वर्ग पडतात. काही काळ टिकणाऱ्या कृतीला अवस्था म्हणतात. बसणे, उभे राहणे, चरणे, रवंथ करणे या अवस्था होत. क्षणात संपणाऱ्या कृतीला घटना म्हणतात. ढुशी देणे, लाथ मारणे, हंबरणे, शेण टाकणे या घटना होत. अवस्थेचा कालावधी मोजतात, घटनेची वारंवारता मोजतात. प्रणालीत अवस्थेचे बटण एकदा दाबले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या अवस्थेचे बटण दाबताच पहिली अवस्था संपते. मात्र गाय बसून रवंथ करते तशीच उभी राहूनही करते. त्यामुळे ‘बसणे’ आणि ‘रवंथ करणे’ यांना एकाच गटात ठेवले तर एक नोंद दुसरीला पुसून टाकते. अंगस्थिती आणि कृती यांचे गट वेगळे ठेवणे हा यावरील उपाय. नवख्या अभ्यासकांकडून सर्वाधिक चूक येथेच होते.

व्याख्येची भाषा हा विषय मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मराठीत जनावरांच्या वागण्याचे शब्द विपुल आहेत. गाय हंबरते, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो हे तर शालेय व्याकरणाच्या पुस्तकातही असते. वर्तनसूचीत या सर्वांसाठी ‘आवाज काढणे’ असे एकच बटण ठेवले तर भाषेने शतकानुशतके जपलेला भेद एका स्पर्शात नाहीसा होतो. परंतु उलट बाजूही तितकीच खरी आहे. बोलीतील अनेक शब्द कृतीचे वर्णन करीत नाहीत, तर जनावराच्या स्वभावाविषयी निवाडा देतात. ‘मारकी म्हैस’, ‘गरीब गाय’, ‘आळशी बैल’ हे निवाडे आहेत. ‘गाय माजावर आली’ हेसुद्धा निरीक्षण नसून अनुमान आहे. ‘दुसरी गाय पाठीवर चढली असता ही गाय जागची हलली नाही’ हे निरीक्षण आहे. ‘बैल थकला’ हे अनुमान. ‘बैल तोंड उघडे ठेवून, मान पुढे ताणून श्वास घेत होता’ हे निरीक्षण. सूचीत पहिल्या प्रकारची वाक्ये आली की प्रत्येक निरीक्षक आपापल्या समजुतीप्रमाणे बटण दाबू लागतो. पशुपालकाचे अनुमान पुष्कळदा अचूक असते आणि ते टिपण्यासाठी स्वतंत्र रकाना जरूर असावा. पण तो निरीक्षणाच्या रकान्यात मिसळू नये.

मुक्त स्रोतातील ओडीके आणि तिच्यावर आधारित कोबोटूलबॉक्स या प्रणालींत प्रश्नावलीची नावे एकाच वेळी अनेक भाषांत देता येतात. त्यामुळे निरीक्षकाला मराठी शब्द दिसतो आणि साठवणीत मात्र ठरलेला संकेतांक जातो. बटणावरील मराठी शब्द गावानुसार बदलला तरी संकेतांक तोच राहतो, हा याचा मोठा लाभ होय.

नमुना घेण्याच्या पद्धती

सर्व जनावरांचे सर्व वर्तन सर्व वेळ टिपणे अशक्य असते. त्यामुळे काय सोडायचे हे आधी ठरवावे लागते.

केंद्रित निरीक्षणात एका जनावरावर ठरावीक काळ, उदाहरणार्थ २० मिनिटे, लक्ष ठेवून त्याची प्रत्येक कृती वेळेसह टिपतात. कृतींचा क्रम आणि कालावधी अचूक मिळतो. पण एका वेळी एकच जनावर पाहिले जाते. झडती पद्धतीत ठरावीक अंतराने सर्व कळपावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवून त्या क्षणी प्रत्येक जनावर काय करीत आहे एवढेच टिपतात. समजा, १० गाईंच्या कळपाची दर १० मिनिटांनी ६ तास झडती घेतली. ३६ फेऱ्यांत ३६० नोंदी मिळतील. त्यांपैकी १४४ नोंदी रवंथ करण्याच्या असतील तर हे प्रमाण ४० टक्के, म्हणजे प्रत्येक गाईमागे त्या ६ तासांत सरासरी २ तास २४ मिनिटे. चरणे, बसणे, रवंथ यांसारख्या दीर्घ अवस्थांना ही पद्धत उत्तम लागू पडते. पाणी पिणे किंवा ढुशी देणे यांसारखी अल्पकालीन कृती मात्र दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीतून निसटते. अशा कृतींसाठी घटना घडेल तेव्हा प्रत्येक वेळी टिपण्याची पद्धत वापरतात.

चौथी पद्धत ‘होय-नाही’ची. ठरावीक अवधीत ती कृती एकदा तरी घडली का, एवढेच तीत टिपतात. ती सोपी असल्यामुळे लोकप्रिय आहे. तथापि तिने कृती किती वेळा घडली आणि किती वेळ चालली या दोहोंपैकी कशाचाच निश्चित बोध होत नाही. आल्टमन यांनीही तिच्या वापराबद्दल प्रतिकूल मत दिले होते. केवळ जे लक्ष वेधून घेईल ते टिपणे ही पद्धत तर पूर्वतयारीपुरतीच ठीक. तीत भांडणे जास्त आणि शांत बसणे कमी नोंदले जाते, कारण भांडण डोळ्यांत भरते.

मोबाइलचा सर्वांत मोठा उपयोग झडती पद्धतीत होतो. दर १० मिनिटांनी फोन हलका कंप देतो, कळपातील जनावरांची यादी ठरलेल्या क्रमाने पडद्यावर येते आणि प्रत्येकापुढील एका बटणाला स्पर्श करून फेरी पूर्ण होते. एखादे जनावर झाडाआड असेल तर ‘दिसत नाही’ हे बटण दाबावयाचे असते. हे बटण नसले की निरीक्षक अंदाजाने काहीतरी दाबतो. म्हणून ते प्रत्येक सूचीत असलेच पाहिजे.

उपलब्ध प्रणाली

इटलीतील तुरिन विद्यापीठाच्या ओलिव्हिए फ्रियार आणि मार्को गाम्बा यांची ‘बोरिस’ ही प्रणाली २०१६ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ती मोफत व मुक्त स्रोतातील असून चित्रफितीवरून तसेच प्रत्यक्ष निरीक्षणावरून नोंद करण्यासाठी संगणकावर वापरली जाते. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयाने टॅबलेटवर चालणारी ‘झूमॉनिटर’ ही प्रणाली विकसित केली. तीत जनावर आवाराच्या कोणत्या भागात आहे हेही नकाशावर बोट ठेवून टिपता येते. प्राणिसंग्रहालयासाठी बनलेली असली तरी मुक्तसंचार गोठ्याची रचना तिच्यात सहज बसते. युरोपीय संघाच्या साहाय्याने झालेल्या ‘वेल्फेअर क्वालिटी’ (२००४–२००९) या प्रकल्पाने गाई, डुकरे आणि कोंबड्या यांच्यासाठी, तर त्यानंतरच्या ‘अविन’ प्रकल्पाने मेंढ्या, शेळ्या, घोडे आणि गाढवे यांच्यासाठी कल्याणमापनाच्या पद्धती ठरवून दिल्या. मोबाइलवरील अनेक तपासण्यांचे निकष तेथून घेतलेले असतात.

विशेष प्रणाली हाताशी नसेल तर साधी प्रश्नावली प्रणाली, किंवा अगदी फोनमधील तक्तासुद्धा, झडती पद्धतीसाठी पुरेसा ठरतो. केंद्रित निरीक्षणासाठी मात्र सेकंदापर्यंत वेळ टिपणारे साधन लागते.

माजाची नोंद

पशुपालकाच्या संसाराशी सर्वांत निकटचा संबंध असलेली वर्तननोंद म्हणजे माजाची. गाय व म्हैस साधारणपणे २१ दिवसांनी माजावर येतात. गाईचा माज सुमारे १२ ते १८ तास टिकतो. एक माज नजरेतून सुटला की पुढच्या संधीसाठी तीन आठवडे थांबावे लागते; तोपर्यंत भाकड जनावराचा चारा आणि खुराक चालूच असतो. दोन-तीन जनावरांवर घर चालवणाऱ्या कुटुंबात असे दोन माज चुकले तर दीड महिन्याचे उत्पन्न पुढे ढकलले जाते.

माजाचे सर्वांत भरवशाचे लक्षण म्हणजे दुसरे जनावर पाठीवर चढू दिले जाणे. ही कृती प्रत्येक वेळी अवघी काही सेकंद टिकते. बेचैनी, वारंवार हंबरणे, दूध व खाणे कमी होणे, वारंवार लघवी करणे, काचेसारखा पारदर्शक सोट टाकणे, दुसऱ्या जनावराच्या पाठीवर हनुवटी टेकणे ही साहाय्यक लक्षणे होत. महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान गोठ्यांत जनावरे दावणीला बांधलेली असतात. तेथे पाठीवर चढण्याची संधीच नसल्यामुळे मुख्य लक्षण दिसत नाही आणि साहाय्यक लक्षणांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हशीत प्रश्न अधिक बिकट होतो. तिच्यातील लक्षणे मंद असतात, माद्या एकमेकींवर क्वचितच चढतात आणि पुष्कळदा माज रात्रीच्या वेळी दिसतो. बाह्य लक्षणे न दाखवणाऱ्या अशा माजाला मुका माज म्हणतात. पंढरपुरी असो वा नागपुरी, म्हैस पाळणाऱ्याला तो परिचयाचा आहे.

कृत्रिम रेतनासाठी रूढ असलेला नियम असा की, सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. ट्रिंबर्गर यांच्या १९४० च्या दशकातील अभ्यासावर आधारित हा नियम सर्वस्वी प्रथमदर्शनाच्या वेळेवर अवलंबून आहे. ‘काल कधीतरी ओरडत होती’ एवढी माहिती घेऊन आलेल्या पशुपालकाला पशुवैद्यक नेमका सल्ला देऊ शकत नाही. मोबाइलवरील नोंद येथे उपयोगी पडते, कारण तीत वेळ आपोआप उमटते. परंतु याच सोयीत एक फसगत दडलेली आहे. फोन जी वेळ टिपतो ती नोंद करण्याची वेळ असते, घटना पाहण्याची नव्हे. पहाटे धार काढताना लक्षण दिसले, हात दुधाने भरलेले, दूध डेअरीला पोहोचवून परत आल्यावर नोंद केली, तर दोन-अडीच तासांचा फरक पडतो आणि कागदावर तो कोठेच दिसत नाही. यासाठी ‘पाहिल्याची वेळ’ आणि ‘नोंदीची वेळ’ असे दोन रकाने ठेवणे आवश्यक ठरते. दोन्हींत फार अंतर असेल तर त्या नोंदीवर किती विसंबायचे हे वाचणाऱ्याला ठरवता येते.

लागोपाठच्या नोंदी साठल्या म्हणजे पुढील माजाचा अंदाजित दिवस फोन आधी सुचवू शकतो. त्या दिवसाच्या आगेमागे दोन-तीन दिवस रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे अशी जादा फेरी मारणे हा मुक्या माजावरील व्यवहार्य उपाय आहे. रात्रीच्या फेरीत फोनच्या विजेरीचा झोत एकदम डोळ्यांवर पडला तर बसलेली जनावरे उठून उभी राहतात आणि पाहावयाचे तेच बिघडते; प्रकाश जमिनीकडे ठेवावा.

लंगडणे आणि उष्णतेचा ताण

लंगडण्याचे मापन सामान्यतः १ ते ५ या श्रेणीत करतात. स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या या श्रेणीत पायाइतकेच पाठीकडे लक्ष दिले जाते. उभी असताना व चालताना पाठ सरळ असलेली गाय पहिल्या श्रेणीत येते. केवळ चालताना पाठीला कमान येणारी दुसऱ्या, दोन्ही वेळी पाठ कमानदार असून पावले आखूड टाकणारी तिसऱ्या, एखाद्या पायावर भार देणे टाळणारी चौथ्या आणि पाय टेकण्यासच नकार देणारी पाचव्या श्रेणीत धरतात. दुसरी श्रेणी ओळखण्यातच सारे कौशल्य आहे, कारण उपचार तेव्हाच सोपा असतो. सपाट, न घसरणाऱ्या जमिनीवरून चालणाऱ्या गाईची बाजूने घेतलेली छोटी चित्रफीत दर पंधरवड्याला साठवली तर पूर्वीची चाल आणि आजची चाल शेजारी ठेवून पाहता येते. स्मरणशक्तीला हे जमत नाही. रोज दिसणाऱ्या जनावरातील सावकाश होणारा बदल मालकालाच सर्वांत उशिरा कळतो.

उष्णतेच्या ताणात श्वसनाचा वेग वाढतो, तोंडातून लाळ गळू लागते आणि पुढे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धाप लागते. कुशीची हालचाल अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे ही जुनी रीत. मोबाइलवर प्रत्येक श्वासाला एकदा पडदा स्पर्शिला की वेग आपोआप निघतो. त्याच नोंदीला हवेचे तापमान व आर्द्रता जोडल्यास संकरित गाय आणि खिल्लार, देवणी किंवा डांगी यांसारखी देशी गाय एकाच दुपारी कशी निरनिराळी वागते याची तुलना करता येते.

निरीक्षकांतील एकवाक्यता

दोन माणसे एकच जनावर पाहून एकच बटण दाबतात का, हे तपासल्याशिवाय कोणतीही वर्तननोंद ग्राह्य धरली जात नाही. यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कापा’ गुणांक वापरतात. केवळ योगायोगाने जुळलेल्या नोंदी त्यात वजा केल्या जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन विद्यार्थ्यांनी १०० वेळा पाहून गाय रवंथ करते की नाही हे टिपले. ४० वेळा दोघांनी ‘होय’, ४० वेळा दोघांनी ‘नाही’ म्हटले आणि २० वेळा मतभेद झाला. त्यांत दोघांचे ‘होय’ प्रत्येकी १०. एकमत ८० टक्के दिसते. पण दोघांनीही निम्म्या वेळा ‘होय’ म्हटले असल्यामुळे नाणेफेकीनेही ५० टक्के एकमत झालेच असते. म्हणून गुणांक येतो (०.८० − ०.५०) ÷ (१ − ०.५०) = ०.६०, म्हणजे मध्यम.

आता लंगडण्याचे उदाहरण पाहा. १०० गाईंपैकी ८८ विषयी दोघांचे ‘लंगडत नाही’, २ विषयी दोघांचे ‘लंगडते’ आणि १० विषयी मतभेद. प्रत्येकाच्या एकट्याच्या ‘लंगडते’ नोंदी ५. एकमत ९० टक्के, पहिल्यापेक्षा सरस. परंतु प्रत्येकाने ९३ गाई निरोगी ठरवल्यामुळे योगायोगाचे एकमतच सुमारे ८७ टक्के येते आणि गुणांक उरतो अवघा ०.२३. दोघांनी मिळून १२ गाईंकडे बोट दाखवले आणि त्यांतील केवळ २ समान निघाल्या, हेच त्याचे कारण. दुर्मीळ पण महत्त्वाच्या वर्तनाबाबत नुसती टक्केवारी किती फसवी असते हे यावरून लक्षात यावे. मोबाइलच्या पडद्यावर झळकणारी सुबक टक्केवारी पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे गणित एकदा हाताने करून पाहावे.

एकवाक्यता वाढवण्याचा उपाय यंत्रात नाही. एकाच चित्रफितीवर दोघांनी स्वतंत्र नोंद करायची, मतभेदाची ठिकाणे पुन्हा पाहायची आणि व्याख्या अधिक नेमकी करायची, हाच मार्ग आहे.

क्षेत्रातील अडचणी

उन्हात पडदा दिसत नाही, पावसात बोटाचा स्पर्श चुकीच्या जागी उमटतो आणि शेणामातीच्या हातांनी फोन हाताळण्यास माणूस कचरतो. मोठी, मोजकी आणि ठळक रंगभेदाची बटणे हा त्यावरील इलाज. एका पडद्यावर आठ-दहांपेक्षा अधिक बटणे आली की निरीक्षकाचे डोळे कळपावर राहण्याऐवजी फोनवर राहतात. मग तक्ता आणि मोबाइल यांत फरक तो काय उरला?

नोंद संपर्कजाळ्याविना झाली पाहिजे. दिवाळीनंतर देशावरून घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांसोबत फिरणाऱ्या अभ्यासकाला वाटेत अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. अशा वेळी नोंद फोनमध्येच साठून राहावी आणि संपर्क येताच पुढे जावी, अशी सोय लागते. फोन उड्डाणस्थितीत ठेवल्यास विद्युतघट जास्त टिकतो आणि मध्येच येणारे दूरध्वनीही टळतात.

फोनमधील स्थाननिर्देशाची अचूकता मोकळ्या आकाशाखाली साधारणतः ५ मीटरच्या आसपास असते. झाडीत व दरीत ती घटते. कळप आज कोणत्या गायरानात चरला किंवा मेंढ्या कोणाच्या शेतात बसवल्या हे त्यावरून समजते, पण कोणती मेंढी कोणत्या मेंढीच्या किती जवळ होती हे समजत नाही. शिवाय नोंदले जाते ते निरीक्षकाचे स्थान, जनावराचे नव्हे.

जनावराची ओळख हीसुद्धा अडचणच असते. कानातील बिल्ल्यावरील १२ अंकी क्रमांक दुरून वाचता येत नाही. त्यामुळे अंगावरील ठिपके, शिंगांचा आकार, कानाची खाच यांवरून छायाचित्रांची यादी करून प्रत्येकाला छोटा संकेत देतात. बैलांची ओळख शिंगांच्या रंगावर ठेवू नये. पोळ्याच्या दिवशी सगळी यादी बदलून जाते.

निरीक्षकाच्या उपस्थितीनेच वर्तन बदलते. गाय-म्हशींचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्यांना जवळजवळ सभोवार दिसते. पाठीमागून गेलो म्हणजे न दिसता गेलो असे होत नाही. समोर उंचावलेला फोन, कॅमेऱ्याचा आवाज आणि अनोळखी कपडे यांनी कळप सावध होतो. प्रारंभीचे काही दिवस नोंद न करता केवळ जवळ बसून राहणे, रोज त्याच वेळी आणि शक्यतो त्याच कपड्यांत जाणे यामुळे जनावरे निरीक्षकाला सरावतात.

देवनागरीत केलेल्या नोंदी तक्ता प्रणालीत उघडल्यावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसण्याचा अनुभव अनेकांना येतो. धारिका उघडताना युनिकोडची यूटीएफ-८ ही संकेतन पद्धती निवडली की अक्षरे पूर्ववत दिसतात. माहिती नष्ट झालेली नसते. तशीच धारिका पुन्हा साठवली तर मात्र ती कायमची बिघडू शकते. मूळ प्रत वेगळी ठेवावी.

फोन जनावराच्या मानेवर

बेल्जियममधील लीज विद्यापीठाच्या जाँब्लू येथील कृषी विद्याशाखेतील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयफोन गाईच्या मानेवर बांधून त्यातील गतिसंवेदकांच्या आधारे चरणे व रवंथ करणे ओळखण्याची पद्धत मांडली. चरताना मान खाली असते व डोके झटके देते. रवंथ करताना जबड्याची संथ, नियमित लय असते. या भेदावर ती आधारलेली आहे. येथेही माणसाची सुटका झालेली नाही. गणकविधी बरोबर ओळखतो की नाही हे ठरवण्यासाठी त्याच गाईच्या चित्रफिती पाहून माणसाने केलेली नोंदच प्रमाण धरावी लागते.

माहितीची मालकी

गोठ्यातील नोंदीत जनावरासोबत मालकाचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक आणि घराचे स्थानही साठते. भारतात २०२३ साली संमत झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या माहितीला लागू होतो. जनावराच्या वर्तनाची माहिती तेवढ्यापुरती त्याच्या कक्षेत येत नाही. तथापि कोणाची गाय वारंवार उलटते, कोणाची लंगडते, हे बाजाराच्या दिवशी तिच्या किमतीवर परिणाम करणारे ज्ञान आहे. त्यामुळे नोंदी प्रसिद्ध करताना गोठ्याचे स्थान ढोबळ करणे, नावाऐवजी संकेत देणे आणि पशुपालकाला त्याच्याच भाषेत नोंदींची प्रत देणे हे संकेत पाळले जातात. यांतील शेवटचा संकेत सर्वांत अधिक वेळा मोडला जातो. गोठ्यात तासन्‌तास उभे राहून घेतलेल्या नोंदी विद्यापीठात जातात आणि मालकाच्या हाती, त्याने विचारले तरच, एखादा इंग्रजी तक्ता येतो.